राज्याने बजेट कापलं की लोकल पोलिसांचा पैसा कसा वाचवायचा?

प्रश्न: राज्याला तूट आली की कात्री आधी लोकल पोलिसांच्या अनुदानावर का लागते? कायद्याने अडवता येतं का, की नुसती निवेदनंच देत बसायची?

उत्तर १: येतं की. कॅलिफोर्नियात १९९३ ला प्रॉपोझिशन १७२ (प्रॉपोझिशन म्हणजे लोकांच्या थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव) पास झालं, अर्धा टक्का सेल्स टॅक्स फक्त पब्लिक सेफ्टीला, तेही थेट राज्यघटनेत.

उत्तर २: पण गोम अशीय की मंदीत लोक खरेदीच कमी करतात, मग कुणी न कापताही तो पैसा आटतो. लोकल संस्थांचा पैसा राज्यापासून वाचवायला आणलेल्या २००४ च्या प्रॉपोझिशन वन-ए मध्ये तर राज्याने तो उसना घ्यायची पळवाट होती, २००९ ला राज्याने घेतलं पण, मग २०१० ला प्रॉपोझिशन २२ आणून ती बुजवली.

उत्तर ३: आणि कपात पगारात दिसतच नाही हो, आधी ट्रेनिंग जातं, मग ओव्हरटाइम, रिटायर झालेल्याची खुर्ची तशीच रिकामी.