शब्दचर्चा: 'सीटाइम'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी:
लिनक्सवरच्या एका पुस्तिकेचं मराठी तपासते आहे. 'स्टॅट' या सिस्टिम कॉलमधून (प्रोग्रॅमने लिनक्सच्या गाभ्याकडे केलेल्या विचारणीतून) फाइलच्या तीन वेळा मिळतात. त्यांना असे शब्द दिलेत: एटाइम = वाचनवेळ, एमटाइम = बदलवेळ, सीटाइम = निर्मितिवेळ. तिसरा खटकतोय. शिवाय 'फाइल स्टेटस'ला सगळीकडे 'फाइलची स्थिती' केलंय. चालेल का?

टर्मिनलकर:
निर्मितिवेळ साफ चूक. 'सी' म्हणजे चेंज, आणि तोही मजकुरातला नव्हे, आयनोडमधला, म्हणजे फाइलबद्दलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीतला. करून बघा: महिन्याभरापूर्वीची कुठलीही फाइल घ्या, तिच्यावर सीएचमॉड ६०० ही परवानग्या बदलणारी कमांड चालवा आणि मग स्टॅट कमांड द्या. 'मॉडिफाय'पुढे जुनीच तारीख राहील, 'चेंज'पुढे आत्ताची येईल. मालक बदलला, हार्ड लिंक (त्याच फाइलचं आणखी एक नाव) जोडली किंवा काढली, तरी तेच. नुसती वाचली तर मात्र सीटाइम हलत नाही.

पुस्तिकेवर विश्वास ठेवून कोणी 'आज तयार झालेल्या फाइली' सीटाइमवरून शोधल्या, तर अख्ख्या फोल्डरवर सीएचमॉड चालवल्याच्या दिवशी सगळ्याच फाइली 'आजच्या' निघतील. बॅकअपमधून परत आणलेल्या फाइलींचंही तसंच. एमटाइम जुना येतो, सीटाइम परत आणल्याच्या क्षणाचा.

चूक अगदी निराधार नाही म्हणा. १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये स्टॅट खरोखरच निर्मितीची वेळ देत होता. १९७९च्या सातव्या आवृत्तीत आजचे तिन्ही टाइम दिसतात. आणि विंडोजच्या सी लायब्ररीत याच नावाच्या रकान्यात आजही निर्मितीची वेळ येते. पायथॉनने ३.१२पासून विंडोजवरचा हा अर्थ मोडीत काढायला घेतलाय, जन्मवेळेसाठी वेगळा रकाना दिलाय.

बिटकोर:
'फेरफारवेळ' म्हणा! शब्द आपल्या महसुली दप्तरात तयार आहे. जमीन जागची हलत नाही, पण वारस लागला, बोजा चढला की फेरफार पडतो. आयनोड म्हणजे फाइलचा उताराच.

शब्दवेडी:
आवडला. पण फाइलीत नवा मजकूर लिहिला, तरी सीटाइम बदलतोच ना? मग फेरफार फक्त नोंदीचा कसा?

टर्मिनलकर:
बदलतो, कारण एमटाइम आणि फाइलची लांबी दोन्ही आयनोडमध्येच राहतात. मजकूर लिहिला की नोंदही बदलते. म्हणून एमटाइम हलला की सीटाइम हलणारच, उलट मात्र नाही. टच कमांडने एमटाइमला गेल्या वर्षीची तारीख घालता येते, पण ती घातल्याक्षणी सीटाइम आत्ताचा होतो. सीटाइमला हवी ती तारीख देणारा कॉलच नाही. त्यासाठी घड्याळ मागे न्यावं लागतं किंवा थेट डिस्कवर लिहावं लागतं. फेरफारवेळला माझंही मत. फक्त पहिल्यांदा वापराल तिथे शेजारी 'सीटाइम' लिहा, नाहीतर वाचणारा कोडमध्ये शोधणार काय?

'स्थिती'बद्दल: ती प्रोसेसला, म्हणजे चालवलेल्या प्रोग्रॅमला शोभते: चालू, थांबलेली, झोपलेली. स्टॅट जे देतो ती नोंद आहे: प्रकार, परवानग्या, मालक, गट, लिंकांची संख्या, लांबी, ब्लॉक, वेळा. 'फाइलचा तपशील' पुरे. त्या तपशिलात नाव नसतं, हे पुस्तिकेत जरूर घाला. नाव डिरेक्टरीत असतं. त्यामुळेच स्टॅटला फाइल वाचायची परवानगी लागत नाही, पण वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्झिक्यूट परवानगी लागते. एका ठिकाणी नसली तरी 'ईअॅक्सेस' हा परवानगी नाकारल्याचा एरर मिळतो, आणि लोक फाइलचीच परवानगी तपासत बसतात.

बिटकोर:
'आकार' शब्दही तपासा. ट्रंकेट या लांबी ठरवणाऱ्या कमांडने १ जीबीची रिकामी फाइल बनवली, तर लांबी १०७३७४१८२४ बाइट येते आणि ब्लॉक शून्य असू शकतात. एकाला 'लांबी', दुसऱ्याला 'व्यापलेली जागा' म्हणा. लिनक्सवर ब्लॉक ५१२ बाइटचे मोजतात. शेजारच्या 'आयओ ब्लॉक' रकान्यातल्या ४०९६ने गुणलं की उत्तर आठपट येतं.

आणि 'वाचनवेळ'वर एक टीप हवी. २००९पासून लिनक्स सहसा रेलटाइम पद्धतीने चालतं: एटाइम हा एमटाइम किंवा सीटाइमपेक्षा जुना असेल किंवा २४ तास उलटून गेले असतील तरच तो पुढे सरकतो. सकाळी वाचलेली फाइल संध्याकाळी पुन्हा वाचली, तर नोंद सकाळचीच राहू शकते.

शब्दवेडी:
मग खरी निर्मितिवेळ मिळतच नाही?

टर्मिनलकर:
मिळते, स्टॅटएक्समधून. २०१७च्या लिनक्स ४.११पासून हा कॉल आहे, त्यात बीटाइम येतो. त्याला 'जन्मवेळ' ठेवा. पण ती फाइल सिस्टिमने जपलेली असली तरच. ईएक्सटी४ जपते, ईएक्सटी३ नाही. परत आलेल्या मास्कमध्ये (कुठले रकाने भरलेत हे सांगणाऱ्या आकड्यात) बीटाइमचा बिट लागलाय का ते आधी पाहायचं. न पाहता रकान्यातला शून्य छापला, तर वेळेची मोजणी तिथूनच सुरू होत असल्याने भारतीय वेळेत प्रत्येक फाइलचा जन्म १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाचचा दिसतो.