कव्हर्ड कॅलिफोर्निया: डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत हे पक्कं कसं करायचं?

मदत हवी आहे. नवऱ्याची नोकरी गेली, कंपनीचा विमा ३१ तारखेला संपतोय. कोब्राचा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) हप्ता परवडत नाही, मेडि-कॅलमध्ये (कमी उत्पन्नासाठीचा सरकारी विमा) बसत नाही. कव्हर्ड कॅलिफोर्नियावर (राज्याची आरोग्य विमा घ्यायची साइट) नोंदणीला ६० दिवस मिळतात हे माहीत आहे, पण मला सातवा महिना आहे, त्यामुळे मध्ये खंड नको आणि डॉक्टरही बदलायचे नाहीत. म्हणून कैसर बाद, त्या कंपनीत त्यांचेच डॉक्टर घ्यावे लागतात.

सिल्व्हर (प्लॅनची मधली पातळी) ठरवलंय. त्यात सगळ्या कंपन्यांचे फायदे जवळपास सारखेच, खरा फरक हप्त्याचा आणि नेटवर्कचा (प्लॅनशी करार असलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं). साइटवर डॉक्टरांचं नाव एका पीपीओत (नेटवर्कबाहेरही जाता येतं, पण जास्त पैसे देऊन, असा प्लॅन) दिसतं. क्लिनिक मात्र फोनवर ‘ती कंपनी आम्ही घेतो’ एवढंच म्हणतं (कंपनी घेतात, पण हा प्लॅन?). प्रसूतीचं हॉस्पिटल तर वेगळंच तपासावं लागणार.

क्लिनिकला नेमकं काय विचारायचं: प्लॅनचं नाव, नेटवर्कचं नाव की डॉक्टरांचा एनपीआय नंबर (अमेरिकेतल्या प्रत्येक डॉक्टरचा ओळख क्रमांक) सांगून? आणि विमा कंपनीकडून हे कुणी लेखी मिळवलंय का?