मदत हवी आहे: वेबली ज्युनियर, गॅट आणि डायना २ यांची मापं जुळत नाहीत

कप्पेबंद
जुन्या, लहान एअर पिस्तुलांसाठी लाकडी खणांचं कपाट करून घेतोय. मुक्काम इंग्लंड. एका खणाचं आतलं माप २०५ × १५० मिमी, खोली ४५ मिमी. आत ३ मिमी जाडीचं फेल्ट चिकटवायचंय. सध्या ठेवायची तीन पिस्तुलं: दुसऱ्या महायुद्धानंतरचं वेबली ज्युनियर, हॅरिंग्टनचं गॅट आणि डायना मॉडेल २.

तिन्ही अजून हातात यायची आहेत, त्यामुळे इतरांच्या आकड्यांवर विसंबलो आणि फसलो. ज्युनियरची लांबी एके ठिकाणी १८६, दुसरीकडे १९७, तिसरीकडे २०५ मिमी. गॅटच्या आकड्यांत तर याहून मोठी तफावत. कोणता आकडा धरायचा? आणि पुढे वेबली सीनियर आलं तर याच खणात तिरपं बसेल का?

गुण्या_आणि_सुतळी
ज्युनियरपुरतं उत्तर सोपं आहे. वेबलीच्या कॅटलॉगात लांबी ७ ३/४ इंच दिलेली असे. २५.४ ने गुणा, १९७ मिमी येतात. वजन २४ औंस, म्हणजे ६८० ग्रॅम.

१८६ कुठून आले, तेही सांगतो. ७ ३/४ टंकताना कोणीतरी '७.३४' केलं आणि पुढच्याने त्याचे मिलिमीटर केले. ७.३४ × २५.४ = १८६.४. इंचाच्या अपूर्णांकांत हा घोळ इतका नेहमीचा आहे, की १०-११ मिमीचा फरक दिसला की आधी हेच तपासायचं.

सीनियर आणि १९२४ चं मार्क १ ही दोन्ही ८ १/२ इंचांची, म्हणजे २१६ मिमी. तुमच्या खणात सरळ बसणार नाहीत.

पितळी_कडी
२०५ चा आकडा बहुतेक फोटोवरून काढलेला आहे. पिस्तूल टेबलावर आडवं, शेजारी पट्टी, आणि मोबाइल वरून हातभर अंतरावर. पट्टी टेबलाला टेकलेली असते, पण पिस्तुलाची बाह्यरेषा त्याच्या जाडीच्या मध्यावर असते. मूठ ३२ मिमी जाड धरली तर ती रेषा टेबलापासून १६ मिमी वर. कॅमेरा ४०० मिमीवर असेल तर पिस्तूल ४००/३८४ पटीने मोठं दिसतं: १९७ चे झाले २०५!

उपाय दोन. पट्टीखाली पुस्तकं रचून ती नळीच्या मध्यरेषेच्या उंचीवर आणा. किंवा कॅमेरा २ मीटर लांब नेऊन झूम करा, मग चूक दीड मिमीच्या आसपास राहते. दोन्ही केलं तर उत्तमच.

छर्रेवाला
गॅटचं दुखणं वेगळं. गॅट आणि डायना २ ही दोन्ही नळी आत ढकलून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायची पिस्तुलं. चाप ओढला की दट्ट्या (पिस्टन) आणि नळी एकत्र पुढे उसळतात. म्हणजे एकाच पिस्तुलाच्या दोन लांब्या: कॉक केल्यावर आखूड, सुटल्यावर लांब. विक्रीच्या फोटोत नळी आत असली की पिस्तूल चिमुकलं दिसतं आणि तोच आकडा फिरत राहतो. खण आखायला सुटलेल्या अवस्थेतली लांबीच धरा, कारण कॉक करून ठेवलं तर स्प्रिंग बसते आणि धोका असतो तो वेगळाच.

गॅटच्या तोंडावर बुचं उडवायचा जोड लावलेला असेल तर तो काढून मोजा, आणि तसं लिहा.

आलेलं पिस्तूल नळी आत गेलेलं असेल तर ते कॉक आहे असंच समजायचं. आधी मागचा छर्रा भरायचा स्क्रू काढून नळी रिकामी आहे ना, ते पाहा. मग नळीचं तोंड मऊ लाकडाच्या ठोकळ्यावर घट्ट दाबून धरा, चाप ओढा, आणि दाब हळूहळू कमी करत नळी बाहेर येऊ द्या. तोंडापुढे हात नको, अंगठा तर नकोच.

गुण्या_आणि_सुतळी
आता मोजायची रीत. १५० मिमीचा व्हर्नियर लांबीला पुरत नाही, ओढूनताणून लावू नका. सपाट फळीवर आलेख कागद चिकटवा. नळी कागदाच्या रेषेला समांतर ठेवा. मुठीचा तळ टेकवून समांतर धरलंत तर तिरक्या मुठीच्या पिस्तुलात सगळंच बिघडतं. पुढे एक गुण्या आणि मागे एक, असे उभे टेकवून त्यांच्यामधलं अंतर वाचा. ही लांबी. उंची म्हणजे माशीच्या (पुढच्या साइटच्या) किंवा मागच्या साइटच्या सर्वांत वरच्या टोकापासून मुठीच्या खालच्या टोकापर्यंत, नळीला काटकोनात. जाडी मुठीवर, व्हर्नियरने. जबड्यात कागदाची पट्टी धरा, नाहीतर ब्लूइंगवर, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर, ओरखडा येतो.

मापं लिहून ठेवताना मुठीचा प्रकार लिहायला विसरू नका. युद्धापूर्वीच्या सीनियरमध्ये सरळ आणि तिरकी अशा दोन्ही मुठी मिळतात. नाव एकच, उंची वेगळी.

सीनियर तिरपं बसेल का, हे कर्ण मोजून ठरत नाही. मूठ आडवी येते. पुठ्ठ्याची प्रतिकृती कापून खणात फिरवून पाहा, दहा मिनिटांचं काम.

कप्पेबंद
धन्यवाद मंडळी. म्हणजे फेल्ट धरून खण १९९ × १४४ उरतो, ज्युनियर १९७. बसलं की!

पितळी_कडी
बसेल, पण निघणार नाही. दोन्ही टोकांना जेमतेम १ मिमी. बोट शिरायला कमीत कमी १५ मिमी हवेत. एकतर लांबीच्या दोन्ही टोकांना फेल्ट लावू नका आणि पिस्तूल उचलायला तळाला फीत ठेवा, किंवा खण २३० चा करून घ्या. २३० मध्ये सीनियरही सरळ बसेल, फक्त ते काढायला फीत लागेल.

फेल्टऐवजी पॉलिइथिलीन फोम कापून बसवलात तर बरं. साधा पिवळा फोम काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो. चामडं तर मुळीच नको, ओल धरतं आणि खाली गंज चढतो.

नळीतला_वारा
एक शंका. ज्युनियर एवढं लहान, तरी त्याची नळी जवळजवळ पिस्तुलाइतकीच लांब कशी?

छर्रेवाला
वेबलीत नळी सिलिंडरच्या मागे-पुढे नसून त्याच्या डोक्यावर असते. ती पुढच्या टोकाला बिजागरीवर. मागची कडी सोडून नळी वर आणि पुढे फिरवली की दट्ट्या तोंडाच्या दिशेला ओढला जातो. चाप ओढल्यावर तो उलटा, नेमबाजाकडे येतो आणि दाबलेली हवा मागून वर नळीत शिरते. दोन मजली घरासारखं. वॉल्थर एलपी ५३ ने स्प्रिंग मुठीत नेली, पण वर लांब नळी ठेवली, म्हणून ते ३१५ मिमी. रेकॉर्ड जम्बोने तर दट्ट्याच लंबगोल केला. ते जरा अलीकडचं, 'जुनं' म्हणायचं की नाही यावर इथे भांडणं होतील.

नळीतला_वारा
आणि यातलं एखादं भारतात न्यायचं असेल तर?

गुण्या_आणि_सुतळी
आधी कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास पाहा. २०१६ च्या शस्त्र नियमांत ०.१७७ इंचापेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवान्याचा विषय येतो. म्हणजे सीनियर ०.२२ चं असेल तर जोर कितीही कमी असो, ते सवलतीत बसत नाही. कस्टम्सचे नियम त्याहून वेगळे. पिस्तूल सामानात टाकण्यापूर्वी लेखी विचारा.

कप्पेबंद
सुताराला २३० × १६० सांगितलं. खोली ४५ च ठेवतोय.

पितळी_कडी
फोम तळाला ६ मिमी धरलात ना? मग खोली ३९ उरते. झाकणाला फेल्ट लावण्यापूर्वी मुठीची जाडी मोजून घ्या.