मदत हवी आहे: जुन्या बर्टन स्नोबोर्डला बाइंडिंग (बूट बोर्डला जखडणारी पकड) बसत नाही, जानेवारीत गुलमर्ग

रावपुरा_बडोदे
१६० सेंटिमीटरचा जुना बर्टन बोर्ड आहे. नवी बाइंडिंग मागवली, तिची भोकं जुळत नाहीत. एक स्क्रू तर नुसता गरगर फिरतोय. १२ जानेवारीला निघायचंय. सरळ नवी भोकं पाडून लाकडात मारायचे स्क्रू मारले तर चालेल का? आणि बडोद्यात हे काम कोण करून देईल? जरा लवकर सांगा.

कडा
भोकं पाडू नका. इन्सर्टची, म्हणजे स्क्रूसाठी बोर्डमध्ये बसवलेल्या आट्यांच्या धातूच्या नळीची, चकती लाकडी गाभ्याच्या खालच्या बाजूला अडकलेली असते, म्हणून ती ओढ सहन करते. लाकडात मारायचा स्क्रू पहिल्या जोरदार वळणावर उपटेल, आणि त्या भोकातून पाणी शिरून गाभा सडेल ते वेगळंच.

आता न सांगितलेलं सांगा. भोकांची मांडणी कशी आहे? दोन समांतर ओळी, मधलं अंतर ४ सेंटिमीटर, की तिरपी, त्रिकोण जोडल्यासारखी? बाइंडिंग कुठली? फिरतोय तो स्क्रू की त्याच्यासकट खालचं इन्सर्ट?

जुनाट
मालक, असा बोर्ड बर्फावर नेऊच नका. कोरडा कपडा, भिंतीवर लाकडी खुंट्या, ऊन लागणार नाही अशी जागा. मूळ स्टिकर, मूळ स्क्रू, ओरखडे सगळं तसंच राहू द्या. पॉलिश पेपर फिरवलात की संग्राहकाच्या दृष्टीने तो निम्म्या किमतीचा. आणि माळ्यावर तर मुळीच ठेवू नका, मे महिन्यात पत्र्याखाली थर सुटतात.

रावपुरा_बडोदे
@जुनाट, भिंतीसाठी नाही घेतलेला, चालवायचाच आहे.
@कडा, तिरपी मांडणी. बाइंडिंगच्या डिस्कला (मधली गोल तबकडी, तिच्यातून स्क्रू जातात) चार भोकं. आणि हो, स्क्रू फिरवला की इन्सर्टही फिरतं. जुनी डिस्क त्या एका स्क्रूवर अजून अडकून बसली आहे, निघत नाही.

कडा
ही जुनी डिस्क अडकलीय ते आधी सांगायचं ना!

मांडणी थ्री-डी आहे. ९०च्या दशकात बर्टनने ती वापरली, पुढे चॅनल (भोकांऐवजी लांब खाच) आल्यावर ती मागे पडली. त्याला तीन भोकांची डिस्क लागते. बर्टनच्याच रिफ्लेक्स बाइंडिंगला थ्री-डीची डिस्क वेगळी मागता येते, पण ईएसटी बाइंडिंग फक्त चॅनलवर बसते, ती घेऊ नका. दुसऱ्या कंपनीची असेल तर डिस्कवर तीन भोकांच्या खाचा आहेत का ते आधी बघा.

अडकलेल्या स्क्रूसाठी: सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिटभर धरा म्हणजे जुना लॉकिंग गोंद मऊ होईल. मग डिस्कच्या खाली चपटा पाना घालून वर उचलता उचलता स्क्रू उलटा फिरवा. वर ताण बसला की चकती गाभ्याला टेकते आणि इन्सर्ट फिरायचं थांबतं. पेचकस तीन नंबरचा पोझी (पोझीड्राइव्ह) घ्या, साध्या फिलिप्सने डोकं खरडून जातं.

जीआयडीसी_वाला
मकरपुऱ्याला या, तिथल्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हेलिकॉइल, म्हणजे खराब आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे, बसवून देणारे वर्कशॉप बरेच आहेत. एम६, पिच १ ची किट मागा, ड्रिल ६.३ मिलिमीटर. ड्रिलला खोलीच्या खुणेची टेप लावायला सांगा, इन्सर्टखाली जेमतेम दोनेक मिलिमीटर माल असतो, तळ फुटेल.

कडा
हेलिकॉइल आटे गेल्यावर. इथे आटे शाबूत आहेत, इन्सर्टची पकड गेलीय. रोग वेगळा आहे.

जीआयडीसी_वाला
पकड गेली तरी पाच मिनिटांचा इपॉक्सी भरला की झालं. एवढं काय त्यात.

लाकूडफाटा
पाच मिनिटांचा नको. तो ठिसूळ होतो, पाण्यातही टिकत नाही. पण साधा अराल्डाइटसुद्धा घट्ट, सुईतून नीट जात नाही. फायबरग्लासच्या कामाचा पातळ लॅमिनेटिंग इपॉक्सी घ्या, जीआयडीसीतच मिळेल, आणि २४ तासांनी कडक होणारं हार्डनर घ्या. इन्सर्टच्या शेजारी बोर्डच्या वरच्या पत्र्यातून (टॉपशीटमधून) २ मिलिमीटरची दोन भोकं, समोरासमोर, चकतीच्या थोडं वरपर्यंतच. एका भोकातून सिरिंजने भरा, दुसऱ्यातून बाहेर आला की थांबा. त्याआधी आत एक स्क्रू मेण लावून बसवा, नाहीतर आटेच इपॉक्सीने बंद होतील. बोर्ड सपाट ठेवा. थंडीत २४ तासांऐवजी ४८ द्या.

आत ओल असेल तर हे सगळं वाया. भोकातून काळं पाणी किंवा भुसा आला तर आधी चार दिवस पंख्याखाली वाळवा.

जुनाट
वरच्या पत्र्याला दोन भोकं! मूळ चित्राची वाट लावाल. निदान बाइंडिंगच्या डिस्कखाली झाकली जातील अशी पाडा.

लाकूडफाटा
हे बरोबर सांगितलंत. डिस्कच्या वर्तुळातच पाडा.

सियागंज_इंदूर
बूट कुठले आहेत ते कोणी विचारलंच नाही. जुन्याच जोडीवर जाणार असाल तर तळवा अंगठ्याने दाबा आणि वाकवा. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानेच सुटतं, न वापरलेला जोडही भुसभुशीत होतो, आणि बडोद्याचा पावसाळा त्याला पोषकच. बाइंडिंगच्या पट्ट्यांची दातेरी शिडी जुनी असेल तर डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून सकाळी वाकवा. घरी तुटली तर बरं, गुलमर्गच्या अफरवट शिखरावर नको.

९०च्या सुरुवातीच्या बोर्डची कंबर (मधली रुंदी) अरुंद असते. पाय नऊ नंबरच्या पुढचा असेल तर बोट बर्फात घासेल. पुढे ३०, मागे १२ अंशांपासून सुरू करा. पाय दूर ठेवायची सध्याची सवय या बोर्डवर चालत नाही, भोकंच जवळ असतात.

स्वराज_प्रवासी
बडोद्याहून स्वराज एक्स्प्रेसने कटरा, तिथून वंदे भारतने श्रीनगर. बोर्ड खालच्या बर्थखाली आडवा राहतो. कडांवर जुनी सायकल ट्यूब चढवा, नाहीतर कोणाचा तरी पाय कापेल.

रावपुरा_बडोदे
प्रवासाचं ठरलेलं आहे, धन्यवाद. बूट नवे आहेत, आठ नंबर. तळ पांढरट आणि कोरडा झालाय, कडांवर गंज. तो काढायचा का?

कडा
वरवरचा गंज गमस्टोनने (घासायचा रबरी दगड) निघतो, कडेच्या दिशेनेच ओढा. खड्डे पडले असतील तर फाइल मारून कड बारीक करत बसू नका. कडेशेजारी तळ फुगलाय का ते बघा, तिथे आतून गंज असतो आणि थर सुटायला तिथूनच सुरुवात होते. नाण्याने ठोका, जिथे आवाज बद्द येईल तिथे पोकळी.

पांढरट म्हणजे तळ वाळलाय. मऊ मेण १२० अंशांच्या आसपास, वाफ न निघणाऱ्या इस्त्रीने. धूर आला तर तापमान जास्त. गरम असतानाच खरवडा, मळ मेणाबरोबर येतो, मग पुन्हा लावा.

मेणवाला
बाजारातली मेणबत्ती चालते, उगाच महाग मेण कशाला.

कडा
बोर्ड नुसता ठेवायचा असेल तर चालते. उतारावर सपाटीला अडकून पायी चालावं लागेल. दोन्ही सारखंच म्हणू नका.

रावपुरा_बडोदे
स्क्रू निघाला! इपॉक्सीही भरलाय. थ्री-डी डिस्क मिळाली, पण बरोबर आलेले स्क्रू १६ मिलिमीटरचे आहेत. लांब पडतील असं वाटतंय.

कडा
मोजा. काडेपेटीची काडी इन्सर्टमध्ये टेकवून खोली घ्या, त्यात स्क्रूच्या जागी डिस्कची जाडी मिळवा, बेरजेतून १ वजा करा. तेवढीच लांबी. कमीत कमी पाच आटे आत बसले पाहिजेत. लांब स्क्रू तळाला खालून उंचवटा आणतो आणि तो पुन्हा सपाट होत नाही.

रावपुरा_बडोदे
खोली ७, डिस्क ७. म्हणजे १३. बाजारात १२ किंवा १६.

लाकूडफाटा
१६च्या स्क्रूवर आधी एम६चा नट चढवा, मग ३ मिलिमीटर कापा आणि टोक घासा. नट उलटा काढला की बिघडलेले आटे आपोआप साफ होतात. सहाही स्क्रू असेच करा. पण त्या इन्सर्टला ४८ तास झाल्याशिवाय हात लावू नका, आणि नंतरही पेचकसने हाताच्या जोरापुरतंच आवळा, ड्रिल मशीन नको.