परक्याचं मूल सांभाळायला सरकारने किती पैसे द्यावेत?

नीलमोहर
आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत (अनाथ किंवा एकट्या पालकाचं मूल बालगृहाऐवजी घरात वाढावं म्हणून मदत) मुलामागे महिना ४२५ रुपये मिळायचे. मग ११०० झाले, २०२३ पासून २२५० आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रतिपालक, म्हणजे दुसऱ्याचं मूल दत्तक न घेता घरी सांभाळणाऱ्या, कुटुंबाला महिना ४०००. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं दूध, वह्या, चपला, दवाखाना यात बसवून दाखवा! बालगृहातून मूल घरात यावं असं वाटत असेल तर रक्कम दुप्पट करा, असं माझं मत.

खडूस_काका
साफ असहमत. रक्कम वाढली की मुलासाठी नाही, पैशासाठी माणसं पुढे येतील. आमच्या गावात लांबच्या नात्यातल्या एका बाईने पोरगी 'सांभाळायला' आणली होती. पोरगी पहाटे पाचला भांड्यांना बसायची. तेव्हा तर एक रुपयाही मिळत नव्हता, विचार करा.

नीलमोहर
काका, हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! पैसे नव्हते तरी पोरगी राबली. आणि पैसे नव्हते म्हणून विचारायलाही कोणी आलं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ बघा. दरमहा निधी द्यायचा आणि मूल बरं आहे ना याची तपासणी करायची, दोन्ही एकाच पोटकलमात आहे.

खडूस_काका
कागदावर सगळंच असतं हो.

पायपीट
काही वर्षं गृहभेटींचं काम केलंय, म्हणून लिहिते. २२५० कमी आहेत, पण लोकांचा संताप रकमेवर नसतो, ती कधी येते यावर असतो. मी जायचे त्या एका घरी आजी आणि दोन नातवंडं. आठ महिने खात्यात काही नाही. किराणावाल्याची उधारी चढत गेली, शेवटी थोरल्याने शाळा सोडली आणि वीटभट्टीवर गेला. नंतर सगळी थकबाकी एकदम जमा झाली. आजी म्हणाली, "आता काय करू याचं?" मला उत्तर सुचलं नाही. रक्कम दुप्पट करून तीही आठ महिन्यांनी देणार असाल तर राहू द्या.

वाचनमात्र
एक शंका. आजी म्हणजे प्रतिपालक का?

पायपीट
वात्सल्यच्या नियमांत नाही. प्रतिपालक म्हणजे बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल सांभाळणारं परकं कुटुंब. आजी, मामा हे नात्यातले. त्यांना वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून, म्हणजे नात्यातल्या घरी वाढणाऱ्या मुलासाठीच्या मदतीतून, ४००० मिळू शकतात, पण तिथे उत्पन्नाची अट आहे, खेड्यात वर्षाला ७२ हजार. म्हणजे महिना सहा हजार. रोजंदारीवर जाणारा मामासुद्धा त्यात बसत नाही. बालसंगोपनात येणारी बहुतेक मुलं अशा नात्यातल्या घरांतली किंवा एकट्या आईची, आणि त्यांना २२५०.

खडूस_काका
हे मला माहीत नव्हतं. नातेवाइकांना वाढवून द्या, माझी हरकत नाही. परक्यांबाबत मात्र ठाम आहे. त्यात २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक घ्यायची मुभा दिलीय, आधी पाच होती. एवढी घाई कशाला?

नीलमोहर
सहा वर्षांवरच्या मुलाला दत्तक घ्यायला रांग लागलेली पाहिलीत कधी?

अठरा_पूर्ण
मी बालगृहातच वाढलो. तुमचं भांडण अठरापर्यंतचं आहे. वाढदिवस झाला आणि माझी पेटी दारात आली. एकविसापर्यंत अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या वसतिगृहात, राहता येतं हे मला तेविसाव्या वर्षी कळलं.

खडूस_काका
मग त्या रात्री गेलास कुठे?

अठरा_पूर्ण
एसटी स्टँडवर. तीन रात्री.