मदत हवी आहे: मेस्सीचा हिशेब कुणी समजावेल का?
टिळकवाडीत रविवारचा फुटबॉलचा खेळ संपला की आमचा वाद ठरलेला. पुतण्या म्हणतो, "काका, 10 कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला की क्लबच्या वहीत वर्षाला 2 कोटीच पडतात." पटलं. मीही दुकानाची खातेवही लिहितो की! इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2023-24 ला क्लबला तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा, त्यापुढे गेलं म्हणून एव्हर्टन क्लबचे गुण कापले. इथवर ठीक. पण 2021 मध्ये मेस्सी पगार निम्मा करायला तयार असूनही स्पेनच्या बार्सिलोना क्लबला लीगमध्ये त्याची नोंदणी का करता आली नाही? स्पेनमध्ये पगाराची मर्यादा हंगामाआधीच ठरवतात, ती नेमकी कशावरून? आकडे घालून सांगा. अर्धा किलो कुंद्याची पैज लागलीय.