डॉगलेग जिना, स्केचअप: लँडिंगवर हँडरेल पिळते आणि उंची जुळत नाही

घरकाम_सातारा
घराच्या आतला डॉगलेग जिना आहे, म्हणजे मधल्या सपाट लँडिंगवर उलट वळणारा. दोन्ही फ्लाइटना (पायऱ्यांच्या सलग रांगांना) ९-९ रायझर, रायझर (पायरीची उभी बाजू) १६५ आणि ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) २५० मिमी. दोन फ्लाइटमध्ये १५० ची मोकळी जागा. वर सागवानी हँडरेल ६० रुंद, ५० जाड, कडांना गोलाई. खाली २५ x २५ चे एमएस (माइल्ड स्टील) स्क्वेअर पाईप उभे. स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या डेस्कटॉप आवृत्तीत फॉलो मी (छेद मार्गावरून नेऊन आकार काढणारं टूल) वापरून रेल काढली, तर लँडिंगच्या वळणानंतर तिचा छेद तिरका होतो. खालची आणि वरची रेल लँडिंगच्या कडेला एकमेकींपासून १६५ ने वर-खाली येतात, ते वेगळंच. पाईप नेमके कुठे घ्यावेत आणि किती लागतील?

रेखांकन
आधी उंचीचं पाहू, पिळाचा प्रश्न त्यातूनच निघतो.

रेल पायऱ्यांच्या कोरांना (पुढच्या कडांना) जोडणाऱ्या तिरप्या रेषेला समांतर जाते. खालच्या फ्लाइटची ही रेषा लँडिंगच्या कडेला लँडिंगच्याच पातळीवर असते. वरच्या फ्लाइटची पहिली कोर मात्र लँडिंगच्या एक रायझर वर असते. दोन्ही रायझर एका ओळीत असतील, तर कडेपाशी १६५ चा फरक पडणारच. चित्र बरोबर आहे. दोन्ही रेली लँडिंगवर अर्धा ट्रेड, म्हणजे १२५ मिमी, पुढे न्या. तिथे त्या एकाच उंचीवर येतात.

उंची किती धरायची? राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) ट्रेडच्या मध्यापासून रेलच्या माथ्यापर्यंत १००० मिमी सांगितले आहेत. कोरेवरून मोजलं तर त्यातून अर्धा रायझर वजा होतो, म्हणजे ९१७.५. आता १२५ पुढे गेल्यावर रेल अर्धा रायझर चढलेली असते आणि लँडिंगपासून बरोबर १००० वर पोचते. आडवा तुकडा तिथेच घ्या.

किंमत एकच: लँडिंगची जागा जाते. वळणाची मध्यरेषा कडेपासून १८७.५ वर धरली, तर रेलची बाहेरची बाजू २१७.५ वर येते. लँडिंगची खोली जिन्याच्या रुंदीपेक्षा निदान २२० ने जास्त असू द्या, नाहीतर कपाट वर नेताना अडेल. तेवढी जागा नसेल तर वळणावर एकच जाड खांब उभा करून दोन्ही रेली त्यात वेगवेगळ्या उंचीवर अडकवणं सरळ पडतं.

मॉडेलघर
पिळाबद्दल. रेल तिरपी असताना त्याच बिंदूवर दिशाही बदलली, की फॉलो मी छेद फिरवतं. गोल पाईप असता तर दिसलं नसतं, चौकोनी छेदात लगेच दिसतं. चढ आणि वळण एका बिंदूवर येऊ देऊ नका. मार्ग असा आखा: तिरपा, कडेपासून १२५ वर सपाट, ६२.५ सपाट जाऊन काटकोन, मधला आडवा भाग, पुन्हा काटकोन, ६२.५ सपाट, मग तिरपा.

मार्गाची सुरुवात खाली १०० मिमीच्या सपाट तुकड्याने करा. मग छेद सरळ उभ्या पातळीत काढता येतो, तिरपे अक्ष लावत बसावं लागत नाही. नको असेल तर तो तुकडा नंतर कापा. आधी पूर्ण मार्ग निवडा, मग फॉलो मी घेऊन छेदावर क्लिक करा. छेद आणि मार्ग एकाच ग्रुपच्या आत हवेत.

कडांच्या गोलाईत बारीक पृष्ठं गायब होत असतील, तर रेलचा कंपोनंट (एक प्रत बदलली की सगळ्या बदलतात असा गट) करा, त्याची एक प्रत १००० पट मोठी करून तिच्यात काम करा आणि झाल्यावर प्रत पुसा. मूळ कंपोनंट आपोआप बदललेला असतो.

घरकाम_सातारा
सपाट तुकडा घातल्यावर पीळ गेला. आता पाईप?

फॅब्रिकेशन_मिरज
दर ट्रेडवर २ पाईप: कोरेपासून ६२.५ आणि १८७.५ वर मध्य. अंतर सगळीकडे १२५, मोकळी फट बरोबर १००. फट याहून मोठी ठेवू नका, लहान मुलाचं डोकं अडकू शकतं.

रेलचा चढ ३३.४ अंश, म्हणून ५० जाडीचं लाकूड उभ्या मापात ६० खातं. आखूड (६२.५ वरच्या) पाईपाची मध्यावरची लांबी ८९८.७५, लांबाची (१८७.५ वरच्या) ९८१.२५. वरचा काप तिरका असल्याने लांब बाजूने कापायची मापं ९०७ आणि ९८९.५. ही लांब बाजूची मापं ड्रॉइंगवर ठळक लिहा. कारागीर मध्यावरचं माप धरून कापतो आणि पाईप ८ मिमीने तोकडा पडतो.

आखूड-लांब जोडीचा एकच कंपोनंट करा. मूव्ह घेऊन कंट्रोल दाबा, एका कोरेच्या कोपऱ्यावरून पुढच्या कोरेच्या कोपऱ्यावर नेऊन सोडा, मग ७ आणि एक्स टाइप करून एन्टर (९ रायझरना ट्रेड ८ येतात, म्हणून ७ प्रती). अंतर आकड्यात टाकू नका. ते २९९.५४ येतं आणि पूर्णांकात घेतलं की वरच्या पायरीपर्यंत चूक साठत जाते.

नग असे: दोन फ्लाइटच्या १६ जोड्या. लँडिंगवर कडेपासून ६२.५ वर आणखी एक जोडी, खालच्या फ्लाइटकडे आखूड आणि वरच्या फ्लाइटकडे लांब. पाईपांची ओळ पायरीच्या उघड्या कडेपासून ५० आत धरली, तर वळणाच्या दोन कोपऱ्यांवर आणि मधोमध मिळून ३ पाईप, प्रत्येकी ९५०. एकूण ३७. बेरीज ३५ मीटरच्या आसपास येते, म्हणून ६ मीटरचे ६ पाईप पुरतील असं वाटतं. पण एका पाईपात ६ तुकडे बसतात, ६ पाईपांत ३६. सातवा आणावाच लागतो.

पाईपाखाली ६ मिमीची बेस प्लेट असेल तर सगळ्या लांबींतून ६ वजा करा. पाईपांच्या माथ्यावरची २५ x ५ ची पट्टी लाकडाच्या खाचेत बसणार असेल तर काही वजा नको. खाच नसेल तर तिरप्या भागात आणखी ६, सपाट भागात ५.

रेखांकन
एक राहिलं. तुमचे १६५ आणि २५० हे ग्रॅनाइट बसल्यानंतरचे आहेत की नुसत्या काँक्रीटचे? काँक्रीटचे असतील तर मसाल्यासह फरशीची जाडी पायरीवर आणि वरच्या-खालच्या मजल्यावर सारखी नसली की पहिला आणि शेवटचा रायझर वेगळा पडतो. ग्रॅनाइटची कोर २५ पुढे काढली की पाईप ओळीने २५ सरकतात. पाईप कापायला फरशी बसल्यावर द्या, आणि त्याआधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दर पायरीची उंची मोजून मॉडेलमध्ये भरा.